डिस्क बदलल्यावर लिनक्स सुरू झाले नाही, तरी फॉरमॅट नको

मा. संपादक,
स. न.

विंडोज १०ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुन्या संगणकात लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घालून, लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) आणून तो आणखी काही वर्षे चालवता येतो. मात्र हार्डडिस्कवरची रूट फाइल सिस्टिम (लिनक्सच्या सगळ्या फाइलींचे मूळ, थोडक्यात ‘रूट’) एसएसडीवर हलवली आणि यंत्र काळ्या पडद्यावरच अडले, की ‘सगळे गेले’ म्हणून फॉरमॅट मारला जातो. कृपया असे करू नका. फाइली जागेवरच असतात. रूट कुठे आहे हे यंत्राला सापडत नसते, इतकेच.

पडद्यावरची ओळ वाचा. अमुक यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख-क्रमांक) अस्तित्वात नाही असे सांगून उबुंटू किंवा डेबियन हे लिनक्सचे प्रकार इनिटरॅमएफएसच्या (रूट शोधून देणाऱ्या छोट्या सुरुवातीच्या यंत्रणेच्या) प्रॉम्प्टवर थांबले, तर तिथेच ‘बीएलकेआयडी’ (blkid) ही आज्ञा चालवा आणि नव्या रूटचा आलेला क्रमांक ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ या फाइलमधल्या क्रमांकाशी ताडा. जुळत नसेल तर ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) अजून जुन्याच पार्टिशनचा क्रमांक देतो आहे. यादीत नवी डिस्क दिसतच नसेल तर बहुधा इनिटरॅमएफएसमध्ये तिचा ड्रायव्हर नाही. सॅटावरून एनव्हीएमईवर (डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर) जाताना फेडोरा या लिनक्सच्या प्रकारात हे घडू शकते, कारण ड्रॅकट (तिथे इनिटरॅमएफएस बनवणारा प्रोग्रॅम) त्या यंत्राला लागणारेच ड्रायव्हर भरतो. तिथे ग्रबच्या यादीतली ‘रेस्क्यू’ नोंद निवडावी, तिच्यात सगळे असतात. दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड आला, तर रूट सापडली आहे आणि ‘एफएसटॅब’मधली (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे याच्या यादीतली) दुसरी एखादी नोंद जुनी आहे.

दुरुस्ती लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालते) होते. यंत्र यूईएफआय पद्धतीने (जुन्या बायोसऐवजी आलेल्या) सुरू होत असेल तर तोही त्याच मोडमध्ये सुरू करा. नवी रूट ‘/एमएनटी’वर आणि ईएफआय पार्टिशन तिच्या ‘बूट/ईएफआय’वर माउंट करा (म्हणजे जोडा), डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे यंत्रणेचे फोल्डर तिच्यात बाइंड करा (तिथेही दिसतील असे जोडा), मग सीएचरूट, म्हणजे त्या नव्या रूटच्या आत शिरा. आत आधी एफएसटॅब सुधारा, मग इनिटरॅमएफएस नव्याने बनवा, शेवटी ग्रब इन्स्टॉल आणि अपडेट. एफएसटॅब शेवटी सुधारणारे पुन्हा अडकू शकतात.

‘डीडी’ने (डिस्कची जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या आज्ञेने) प्रत काढली असेल तर दोन्ही डिस्कचा यूयूआयडी एकच राहतो. दोन्ही जोडलेल्या असताना यंत्र जुन्या डिस्कवरूनच चालू शकते आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. ‘फाइंडएमएनटी /’ने (findmnt /) रूट कोणत्या डिस्कवर आहे याची खात्री करा. त्यापेक्षा फाइली उतरवून घेणारे ‘आरसिंक’ बरे. त्यात ‘-x’ (एक्स) पर्याय द्या म्हणजे प्रॉक, सिस हे फोल्डर रिकामे का होईना, तयार होतात. ते नसले तर बूट अडते. मात्र वेगळे होम पार्टिशन असेल तर ते या पर्यायाने वगळले जाते, त्याची प्रत निराळी काढावी लागते.

दुरुस्तीच्या दुकानांनाही विनंती: ग्राहकाची डिस्क पुसण्याआधी एवढे तपासून पाहा. आणि नवी डिस्क एकटीच जोडून यंत्र दोन-तीनदा सुरू झाल्याशिवाय जुनीला हात लावू नका.

— एक लिनक्स प्रशिक्षक, दादर, मुंबई