रोहित्राच्या आतले तापमान प्रकाशाने मोजावे

महोदय,

रब्बीत विहिरी-बोअरवरचे पंप एकाच वेळी सुरू झाले की मराठवाड्यात डीपी, म्हणजे गावातील रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळाल्याच्या तक्रारी वाढतात आणि चर्चा नवी डीपी कधी मिळणार, एवढ्यावरच थांबते. गावातील छोट्या रोहित्राला महागडी मापनयंत्रणा परवडणार नाही, हे मान्यच आहे; परंतु त्यांच्यामागे उभ्या असलेल्या उपकेंद्रांतील मोठ्या रोहित्रांबाबत एक सूचना करावीशी वाटते.

रोहित्राचे आयुष्य मुख्यतः त्याच्या वाइंडिंगवरील, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांवरील, कागदी इन्सुलेशनवर ठरते. साध्या कागदाच्या बाबतीत, सर्वांत तप्त जागेचे तापमान ६ अंशांनी वाढले की कागद जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो, असा हिशेब आंतरराष्ट्रीय मानकात धरला जातो. असे असूनही वाइंडिंगचे तापमान दाखवणारी नेहमीची तबकडी वाइंडिंगपर्यंत पोहोचतच नाही. ती वरच्या थरातील तेलाचे तापमान घेते आणि भाराच्या प्रमाणात तापणाऱ्या एका छोट्या हीटरच्या आधारे त्यात भर घालते. हा अंदाज झाला, मोजमाप नव्हे; आणि भार एकाएकी चढतो तेव्हा, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी, तो चुकण्याची शक्यता अधिक असते.

उच्च दाबाच्या वाइंडिंगमध्ये धातूची तार नेणे धोक्याचे; काचेचा प्रकाशतंतू मात्र नेता येतो. त्याच्या टोकाला फॉस्फरचा (प्रकाश पडल्यावर स्वतः उजळणाऱ्या पदार्थाचा), उदाहरणार्थ मँगनीजयुक्त मॅग्नेशियम फ्लुओरोजर्मेनेटचा, कण बसवतात. प्रकाशाचा झोत बंद केल्यावर त्याची तांबूस दीप्ती काही मिलिसेकंदांत मावळते आणि तापमान जितके जास्त तितकी ती लवकर मावळते. मोजायचा असतो तो हा वेळ, त्यामुळे तंतू वाकून प्रकाश थोडा कमी झाला तरी बिघडत नाही.

संशोधन नियतकालिकांत सध्या अर्बियम व इटर्बियम ही दुर्मीळ मूलद्रव्ये मिसळलेल्या फॉस्फरांची चलती आहे. ९८० नॅनोमीटरच्या अवरक्त लेझरने ते हिरवे उजळतात, आणि सुमारे ५२५ व ५४५ नॅनोमीटरच्या दोन पट्ट्यांच्या तीव्रतेचे गुणोत्तर तापमानानुसार बदलते. पद्धत सुंदर आहे. तरीही खोलीच्या तापमानाला हे गुणोत्तर दर अंशाला साधारण एकच टक्का बदलते. शिवाय लेझर जोरात लावला तर तो फॉस्फरची पूडच तापवतो. म्हणून केवळ संवेदनशीलतेचा आकडा छापून थांबणारे शोधनिबंध मला अपुरे वाटतात. तोच फॉस्फर गरम तेलात कित्येक महिने बुडवून, वारंवार तापवून-थंड करून पुन्हा तोच आलेख देतो का, हे पाहणे रटाळ असले तरी खरे काम तेच आहे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांनी ते अंगावर घ्यावे.

वीज कंपन्यांकडे मागणी एवढीच की मोठ्या रोहित्रांच्या खरेदीच्या निविदेत प्रकाशतंतू-संवेदकाची अट असावी, कारण तो वाइंडिंग गुंडाळतानाच बसवावा लागतो. टाकी बंद झाल्यावर तप्त जागेपर्यंत हात पोहोचत नाही. मोठे रोहित्र जळून रिवाइंडिंगसाठी कार्यशाळेत येते, तेव्हा ही संधी पुन्हा मिळते; दुरुस्तीच्या कंत्राटातही हीच अट घालता येईल.

आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचे एक निवृत्त अध्यापक, परभणी