झुडपातली खसफस

महोदय,

रविवार पुरवणीतील निसर्गचित्रांवरचा लेख आवडला, पण त्यातले एक विधान खटकले. जुन्या युरोपीय चित्रकारांनी झाडाडोंगरांत पुराणातली माणसे ‘तोंडी लावण्यापुरती’ घातली, असे लेखक म्हणतात. सतराव्या शतकातल्या क्लोद लोरँ या चित्रकाराच्या काही चित्रांपुरते मान्य. पण इंग्रज चित्रकार टर्नरच्या ‘लिबेर स्टुडिओरम’ (१८०७-१८१९) या छापाचित्रमालेतले ‘प्रोक्रिस अँड सेफॅलस’ त्यांनी पाहावे.

गोष्ट प्राचीन रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली. शिकारीने दमलेला सेफॅलस रानात पडल्यापडल्या ‘ऑरा, ये’ म्हणतो. ऑरा म्हणजे वाऱ्याची झुळूक. कोणा ऐकणाऱ्याला ते बाईचे नाव वाटते आणि चहाडी बायकोच्या, प्रोक्रिसच्या कानी जाते. ती झुडपात दडून बसते. पाने वाजतात, जनावर समजून तो भाला फेकतो. भाला तिनेच दिलेला, कधी न चुकणारा! आपल्याला दशरथ आणि श्रावणबाळ आठवावेत अशीच ही खसफस.

आता यातून झुळूक आणि झुडूप वगळून पाहा. गोष्टच उरत नाही. म्हणून टर्नरने दोघांना लहान ठेवून रान मोठे केले, त्यात मला काही उणे वाटत नाही. शिवाय हे मेझोटिंट आहे. तांब्याचा पत्रा आधी दातेरी हत्याराने सगळा खरबरीत करतात. तसाच छापला तर नुसता काळोख उमटेल. मग उजेड हवा तिथे तो खरवडायचा, घासून गुळगुळीत करायचा. त्या झाडीतून येणारे उन्हाचे झोत असे काळोखातून, मागाहून काढलेले आहेत. प्रोक्रिसलाही ऑरा कोण ते कळते, पण भाला लागल्यावर.

याच मालेतल्या ‘ईसेकस अँड हेस्परी’चे (१८१९) मेझोटिंट टर्नरने स्वतः केले. त्यात अजून काहीच घडलेले नाही. ओढ्याकाठी हेस्परी बसली आहे, ईसेकस आडून पाहतो आहे. पुढे तिला साप चावणार, हे गोष्ट माहीत असलेल्यालाच ठाऊक. ओढ्याकाठचा तो गारवा मग अंगावर येतो.

एक विनंती. ही चित्रे तपकिरी शाईत छापलेली असत. वर्तमानपत्री कागदावर, तिकिटाएवढ्या आकारात त्यांचा नुसता डाग होतो. छापायची तर निदान अर्धे पान द्या.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा