आधी चष्मा, मग सही

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

वाचनालयाच्या भिंतीलगत रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गणेश मंडळाच्या ढोल-ताशांच्या सरावाला माझ्या मुलाने हरकत घेतली, त्यातून झटापट झाली आणि पाहता पाहता ‘मराठी असून गणपतीला विरोध करतो’ असा शिक्का त्याच्यावर बसला. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, पाहण्यासाठी रात्रभर जागणाऱ्या इंदूरच्या घरातील मुलाला हे ऐकावे लागले, याचे दुःख मला त्या झटापटीपेक्षा अधिक झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीने दोन्ही बाजूंना बोलावले, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतील रात्री दहा ते सकाळी सहाची मर्यादा वाचून दाखवली आणि सर्वांपुढे एकच छापील माफीनामा सरकवला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे नियम तक्रारीवरील अहवालासाठी कामकाजाचे १५ दिवस देतात. समितीला मात्र दुपारच्या जेवणाआधी विषय संपवायचा होता. तिने वाचलेला नियम खराच होता, परंतु मुलांचे भांडण तोवर आवाजाचे उरलेच नव्हते.

निवृत्त असूनही आपण निरोप मिळताच आलात, आणि कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहणाऱ्या माझ्या मुलाला सर्वप्रथम विचारलेत, “तुझा चष्मा कुठे आहे?” तो आदल्या संध्याकाळी फुटला होता आणि सकाळपासून समोर बसलेल्या एकाही सदस्याच्या ते ध्यानात आले नव्हते. “ज्याला वाचता येत नाही, त्याची सही घ्यायची नाही,” एवढे बोलून आपण बैठक थांबवलीत आणि त्याला चष्म्याच्या दुकानात पाठवलेत, तेही मंडळाच्या ताशा वाजवणाऱ्या मुलाच्या स्कूटरवर मागे बसवून. त्या फेरीत दोघांचे काय बोलणे झाले ते मुलगा सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.

त्यानंतर आपण प्रत्येक बाजूला समोरच्याचे गाऱ्हाणे स्वतःच्या तोंडाने मांडायला लावलेत आणि समोरचा ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत पुढे गेला नाहीत. मंडळाने सरावासाठी मैदान मागितले होते व त्या अर्जाला कोणी उत्तरच दिले नव्हते, हे तेव्हा कुठे उघड झाले. मैदान मिळाले, सराव संध्याकाळी होऊ लागला, माफीनाम्याची गरज कोणाला भासली नाही. आपल्यासारखी समंजस माणसे या शहरात पुष्कळ आहेत, असे मी आजही मानतो. त्यांना वेळेवर बोलावण्याची बुद्धी अधिकाऱ्यांना का होत नाही, हा माझा प्रश्न आहे.

चष्म्याचे पैसे आपण घेतले नाहीत. दसऱ्याला आमच्या घरी जेवायला यावे, अशी आमची दोघांची आग्रहाची विनंती आहे. पैशांचा विषय मी तेव्हा पुन्हा काढणार आहे.

आपला कृतज्ञ,
एका विद्यार्थ्याचा पिता, इंदूर