सोसायटीच्या हिशेबाला माझं कुलूप नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की सोसायट्यांच्या खजिनदारांचे मला फोन सुरू होतात. ‘ताई, नवीन वर्षात नवीन काय देताय?’ मी नौपाड्यात राहते आणि छोट्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर एकटी लिहिते. भागीदार नाही, हाताखाली कोणी नाही. महापेच्या एका कंपनीत चौदा वर्षं नोकरी केली, २०११ मध्ये ती सोडली आणि आमच्याच इमारतीच्या मेंटेनन्सच्या पावत्या छापून देता देता हे काम उभं राहिलं. आज ठाणे, कळवा, कोपरी आणि ऐरोली-घणसोलीकडच्या १६३ सोसायट्या ते वापरतात. बहुतेक १२ ते ४० सदनिकांच्या, पगारी मॅनेजर न परवडणाऱ्या. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र जाहिरातीसाठी नाही. खजिनदारांना यंदा मी जे उत्तर दिलं ते पुष्कळांना पटलेलं नाही, म्हणून ते सगळ्यांसमोर नीट मांडायचं आहे.

माझं उत्तर असं, की २०२६ च्या दिवाळीपर्यंत मी नवीन सोय एकही देणार नाही. मी नसले तरी सोसायटीचं काम अडू नये, एवढ्यासाठीच हे महिने ठेवले आहेत.

झालं ते सप्टेंबरमध्ये. ८ तारखेला मला डेंग्यूने इस्पितळात दाखल केलं आणि १९ ला घरी सोडलं. ते सगळे दिवस फोन बंद होता. माझ्या प्रोग्रॅमला दरवर्षी एक कोड लागतो. सोसायटीने वर्षाचे १,५०० रुपये भरले की मी तो पाठवते, आणि मुदत संपेपर्यंत तो टाकला नाही तर प्रोग्रॅम उघडत नाही. कळव्याच्या एका सोसायटीची मुदत १० सप्टेंबरला संपली. त्यांचे पैसे ऑगस्टमध्येच जमा झाले होते, कोड पाठवायचा माझ्याकडून राहिला होता. त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी, २८ तारखेला ठेवलेली. ३० सप्टेंबरच्या आत सभा झालीच पाहिजे आणि सूचना पूर्ण चौदा दिवस आधी सभासदांच्या हातात पडली पाहिजे, म्हणजे १३ ला ताळेबंदासह सूचना वाटणं भाग होतं. सचिव एकाहत्तर वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. ते दोनदा रिक्षाने आमच्या घरी आले. सासूबाईंनी पाणी दिलं आणि मी इस्पितळात असल्याचं सांगितलं. ‘त्यांना त्रास नको’ म्हणून ते परत गेले. मग ऑडिटरकडच्या छापील प्रतीवरून, झेरॉक्सच्या दुकानात बसून, त्यांनी आणि खजिनदारांनी रात्री साडेअकरापर्यंत अख्खा ताळेबंद पुन्हा टाइप करून घेतला.

हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. सचिवांनी मला एका शब्दाने बोल लावला नव्हता. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी आधी माझ्या प्लेटलेट्स किती झाल्या ते विचारलं.

कोडचं हे कुलूप मी २०१४ मध्ये घातलं. एका सोसायटीतून माझा प्रोग्रॅम पाच ठिकाणी फुकट पोचला होता आणि माझं घर त्याच उत्पन्नावर चालत होतं. प्रोग्रॅम माझा होता, त्याला कुलूप लावायचा मला हक्क होता. पण त्याच कुलपाआड सोसायटीची रोजकीर्द, खतावणी, सभासदांची थकबाकी, सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीची) शिल्लकही अडकत होती, आणि यातलं काहीच माझं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे दप्तर संस्थेचं असतं आणि ते सांभाळायची जबाबदारी समितीवर असते. सहकार खात्याच्या उपनिबंधकांनी मागितलं तर ‘सॉफ्टवेअरवाल्या ताई आजारी आहेत’ असं उत्तर समितीने द्यायचं का?

म्हणून पहिलं काम हे कुलूप काढायचं. ३१ मार्चच्या आत सगळ्यांना नवीन आवृत्ती मिळेल. कोड संपला, मी संपले, तरी जुनी खाती उघडतील, छापता येतील आणि नवीन नोंदीही करता येतील. वर्षाचे पैसे न भरणाऱ्याला फक्त माझी मदत आणि पुढच्या सुधारणा मिळणार नाहीत. वीस-पंचवीस सोसायट्या पैसे भरणं थांबवतील हे धरून चालले आहे. उरलेल्यांसाठी एप्रिलपासून १,५०० चे १,८०० करते आहे, तेही इथेच सांगून टाकते.

दुसरं काम अधिक किचकट आहे आणि माझा जीव खरा त्यातच गुंतला आहे. माझी पहिली आवृत्ती फॉक्सप्रो या प्रोग्रॅम लिहायच्या जुन्या साधनात होती. मला ते उत्तम येत होतं, म्हणून तेच घेतलं. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये काढली आणि त्याचा आधार २०१५ च्या जानेवारीत पूर्ण थांबवला. फॉक्सप्रोला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, कळत नाही, त्यामुळे मराठी पावत्यांसाठी मी त्या काळी सर्रास चालणारा जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरला. अशा फॉन्टमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवलेले असतात. संगणक बदलला, तो फॉन्ट नवीन यंत्रात गेला नाही, की सभासदांच्या यादीच्या जागी नुसता इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. चरईतल्या एका सोसायटीचं हेच झालं. पुनर्विकासासाठी वकिलांनी जुनी कागदपत्रं मागितली, तेव्हा पहिल्या सचिवांनी निळ्या शाईने लिहिलेली १९७१ ची इतिवृत्तं कपाटातून सरळ काढून देता आली. माझ्याकडची २०१२ ते २०१६ ची खाती मात्र कुणाला वाचता येईनात. तीन दिवस बसून मी ती परत उभी केली.

अशा ३८ सोसायट्या अजून जुन्या आवृत्तीवर आहेत. त्यांची खाती युनिकोडमध्ये आणणं बटण दाबून होत नाही. ‘शिर्के’ हे साधं आडनाव घ्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी ‘श’च्या आधी साठवलेली असते आणि रफार ‘के’च्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं, उच्चाराच्या क्रमाने : आधी श, मग वेलांटी, मग र्, मग के. प्रत्येक नावातली ही अदलाबदल प्रोग्रॅम करतो, पण शेवटची नजर माणसाचीच लागते. मी प्रत्येक सोसायटीत जाऊन खजिनदारांच्या शेजारी बसणार आहे आणि भाग दाखल्यावरचं (शेअर सर्टिफिकेटवरचं) नाव वाचून ताडून घेणार आहे. एकेका सोसायटीला एक पूर्ण दिवस धरला आहे.

बाकीच्या सोसायट्या आज वापरतात त्या युनिकोड आवृत्तीतही एक दोष होता, आणि त्याचा त्रास पाचपाखाडीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला झाला. त्यांच्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे, गोऱ्हे-कुऱ्हाडे यांच्यात असतो तसा. हा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. एका कळफलकावर वेगळं ‘ऱ’ अक्षर वापरलं जातं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात, आणि युनिकोडचे नेहमीचे नियमही त्यांना एक करत नाहीत. नवीन खजिनदारांनी नाव शोधलं, ते सापडलं नाही, म्हणून त्यांनी नवीन खातं उघडलं. एकाच सदनिकेला दोन खाती उघडू देणं ही माझी दुसरी चूक. पैसे नव्या खात्यात जमा होत राहिले आणि जुन्या खात्यावर व्याज चढत गेलं. बाईंचं नाव थकबाकीदार म्हणून सूचनाफलकावर लागलं, आणि ते नऊ दिवस तिथे होतं. बाई पावत्यांचा गठ्ठा घेऊन समितीसमोर उभ्या राहिल्या तेव्हा कुठे ते उतरलं. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. पस्तीस वर्षं ज्यांनी मुलांना शुद्धलेखन शिकवलं, त्यांच्या नावातल्या एका अक्षराने त्यांना थकबाकीदार ठरवावं, हे माझ्या मनातून जात नाही.

‘ॲ’चंही असंच आहे. स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी, आणि पुष्कळ कळफलकांवर आजही, लोक ‘अ’वर चंद्र देतात. ठाण्यात वकील पुष्कळ, आणि प्रत्येकाच्या नावाआधी ‘ॲड.’ असतंच. म्हणून अशा जोड्यांचं एक कोष्टक मी स्वतः लिहिते आहे आणि नावं साठवतानाच एकसारखी करून घेणार आहे. यादीचा क्रमही सुधारते आहे. क्षीरसागर ‘क’मध्ये शोधावे लागू नयेत, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ते जिथे अपेक्षित असतात तिथे, ‘ह’ आणि ‘ळ’च्या नंतर सापडावेत. थकबाकीवरच्या व्याजाचा दर मी प्रोग्रॅमच्या पोटात २१ टक्के असा लिहून ठेवला होता. उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, ती कमाल मर्यादा आहे, तेवढं आकारलंच पाहिजे असं नाही. आता सभेत ठरेल तो दर समिती स्वतः भरेल, आणि व्याज सरळच राहील.

युनिकोड आवृत्तीतली सगळी खाती एसक्यूलाइट या प्रकारच्या एकाच फाइलमध्ये राहतात. २००० पासून चालत आलेलं हे तंत्र कुणाच्या मालकीचं नाही, त्याची रचना जाहीर आहे, आणि ते सांभाळणाऱ्यांनी २०५० पर्यंत आधार देण्याचा मनोदय जाहीर केला आहे. मीच त्या फाइलला पासवर्ड घालून ठेवला होता. तो पासवर्ड आता सोसायटीचा असेल. शिवाय एक बटण असेल, ज्याने सगळी खाती साध्या तक्त्यांत आणि छापायच्या पानांत बाहेर निघतील, म्हणजे दुसऱ्या कुणाचंही सॉफ्टवेअर घेता येईल. माझ्याकडून जायचं असेल त्यालाही हातात पूर्ण दप्तर घेऊन जाता आलं पाहिजे.

माझा भाचा म्हणतो, हे सगळं सोडून दे, इंटरनेटवर ठेव आणि प्रत्येक सदनिकेमागे महिना दहा रुपये घे. हिशेब मी मांडून पाहिला. सुमारे ३,९०० सदनिका होतात, म्हणजे महिना ३९,००० आणि वर्षाला ४ लाख ६८ हजार. आज वार्षिक फीचे मला २ लाख ४४ हजार ५०० मिळतात. मोह होतो, खोटं कशाला बोलू. मोठ्या संकुलांना, जिथे मॅनेजर आणि कारकून आहेत, तिथे ती पद्धत सोयीचीही आहे. पण बारा सदनिकांच्या इमारतीचा हिशेब माझ्या नावावर भाड्याने घेतलेल्या यंत्रात राहिला आणि मी ते भाडं भरू शकले नाही, तर कळव्याला झालं ते एका दिवसात सगळीकडे होईल. मी ते करणार नाही.

यूपीआयने आलेले पैसे खात्यांशी आपोआप जुळवून देण्याची मागणी मात्र अगदी रास्त आहे, आणि ती पुढे ढकलल्याबद्दल खजिनदारांची नाराजी मला मान्य आहे. सभासद पैसे पाठवतात, नाव दिसतं मुलाचं किंवा सुनेचं, आणि खजिनदार बारा आकडी संदर्भ क्रमांक पासबुकाशी जुळवत रात्री बसतात. बँकेचं विवरणपत्र वाचून जमा रकमा आपोआप सुचवणारा भाग मी दिवाळीनंतर लिहायला घेईन. आधी नावं शुद्ध झाली नाहीत तर तो भागही चुकीच्याच खात्यात पैसे टाकेल.

एक गोष्ट झालीही आहे. डोंबिवली आणि ऐरोलीतले माझ्यासारखेच एकट्याने काम करणारे दोघे ओळखीचे आहेत. आम्ही तिघांनी ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं आहे की एकमेकांच्या प्रोग्रॅमची मूळ प्रत जवळ ठेवायची, दर तीन महिन्यांनी ती चालवून पाहायची, आणि कुणी आजारी पडलं किंवा गेलं तर त्याच्या ग्राहकांना निदान एक वर्ष सांभाळायचं. माझ्या १६३ सोसायट्यांना त्या कागदाची प्रत जानेवारीच्या पावतीबरोबर मिळेल. इतर कुणाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या समित्यांनीही आपल्या माणसाकडे असा कागद मागावा, आणि ३१ मार्चला खतावणीची एक छापील प्रत काढून ऑडिटरची सही घेऊन कपाटात ठेवावी. तीनशे-चारशे रुपयांचा खर्च आहे.

नवीन आवृत्ती सर्वांत आधी कळव्याला जाईल, रविवारी ४ जानेवारीला. सचिवांशी बोलणं झालं आहे. इंटरनेट बंद, माझा फोन बंद, कोडची मुदत संपलेली, अशा स्थितीत त्यांनी आणि खजिनदारांनी गेल्या वर्षीचा ताळेबंद माझ्या मदतीशिवाय छापून पाहायचा. तोवर मी सोसायटीच्या कचेरीबाहेर, जिन्याजवळच्या बाकावर बसणार आहे.

आपली,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)