म्हापशाच्या जिन्याखालच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानातल्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण ते या पत्रात घालत नाही. दुकानाचंही नाही. तुम्ही पावतीवरसुद्धा नाव छापून घेतलेलं नाही, तेव्हा गाजावाजा तुम्हाला रुचणार नाही हे मला कळतं. तरी हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. मंगळवारी तुमच्या दारात जे झालं ते मी आईला तीनदा सांगितलं, शेजारच्या वहिनींना सांगितलं, देवळात भेटलेल्या मावशीला सांगितलं, तरी मन भरलेलं नाही.

तुमच्याकडे दिवसाला पंचवीस माणसं येत असतील. मी म्हणजे मांद्रेहून आलेली ती. सोबत चाकांच्या खुर्चीत भाऊ, त्याच्या मांडीवर प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला लॅपटॉप. शिवोलीचा पूल ओलांडेपर्यंत ऊन होतं आणि म्हापशाला पोचलो तर धो धो सर.

माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे. घरात, वाड्यावर, देवळात सगळे त्याला बाबू म्हणतात. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. कान तेज, बुद्धी तेज, पण जिभेवर आणि हातांवर ताबा नाही. त्याच्या तोंडून निघतं ते फक्त आईला आणि मला कळतं, तेही अर्धंमुर्धं. बाकीचं तो लिहून बोलतो. त्यासाठी मोठ्या बटणांचा कीबोर्ड आहे. त्यावर भोकं पाडलेलं प्लास्टिकचं झाकण असतं, म्हणजे थरथरणारं बोट शेजारच्या बटणावर पडत नाही. बाजूला मोठा गोळा असलेला माऊस. तो अक्षरं जुळवतो, लॅपटॉप ती मोठ्याने वाचतो. एका वाक्याला तीन-चार मिनिटं लागतात. म्हणून तो जे बोलतो ते आधी मनात पूर्ण ठरवून बोलतो.

कीबोर्ड आणि माऊस दोन्ही वायरीने यूएसबीला जोडायचे. लॅपटॉपची स्वतःची बारीक बटणं त्याच्या मुठीला उपयोगाची नाहीत. पोर्ट बंद झाले की बाबूचं बोलणं बंद.

श्रावण लागता लागता तेच झालं. आधी स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ अशी पाटी यायची, वायर काढून पुन्हा घातली की जायची. मग एका सकाळी पाटीही येईना. कीबोर्डचा दिवा लागेना. पेन ड्राइव्ह घातला, शेजारच्या मुलाचा साधा माऊस लावून पाहिला, काहीच नाही. चतुर्थी तीन-चार आठवड्यांवर आली होती.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दोन ठिकाणी गेलो होतो. कुठे ते सांगत नाही, पण काय झालं ते सांगणार. पहिल्या ठिकाणी लॅपटॉप नऊ दिवस ठेवून घेतला. दहाव्या दिवशी फोन आला, मदरबोर्ड गेला, १८ हजार होतील, त्यापेक्षा नवीन घ्या. परत मिळाला तेव्हा खालचे दोन स्क्रू नव्हते. दुसऱ्या ठिकाणी मी हात जोडून सांगितलं होतं की आत याचे शब्द आहेत, काही पुसू नका. सहा वर्षांत बाबूने शब्दांचा साठा जमवला होता. एक अक्षर दाबलं की त्याचा शब्द वर यायचा. ‘क’ दाबला की कवंडळ हे रानफळ, ‘शे’ दाबलं की शेवटें हा मासा, ‘पा’ दाबलं की पालखी. वाड्यावरच्या माणसांची नावं, कोणाचं कोण, सगळं त्यात होतं. त्यांनी न विचारता फॉरमॅट मारला. साठा गेला आणि पोर्ट होते तसेच मेलेले.

त्याहून खोल लागलं ते वेगळंच. दोन्हीकडे कोणी बाबूकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या डोक्यावरून माझ्याशी बोलले. एकजण त्याच्यासमोर मला म्हणाला, “त्याला लॅपटॉप कशाला, टीव्ही लावून द्या.” बाबूने मान खाली घातली. त्याला मान स्थिर ठेवायला केवढे कष्ट पडतात ते मला माहीत आहे, आणि त्या दिवशी त्याने ती आपणहून खाली घातली.

त्यामुळे मंगळवारी मी तुमच्याकडे आले ती भांडायच्या तयारीनेच. तुमच्या दुकानाला दोन पायऱ्या. खुर्ची वर जाईना. मी म्हणणार होते, तू इथेच थांब, मी आत जाऊन येते. तेवढ्यात तुम्ही हातातलं काम ठेवून बाहेर आलात. “भितर येवंक जायना जाल्यार हांव भायर येतां.” आत येता येत नसेल तर मी बाहेर येतो. प्लास्टिकचं स्टूल आणलंत, जिन्याच्या आडोशाला खुर्चीसमोर ठेवलंत आणि त्यावर बसलात. तुमचे डोळे बाबूच्या डोळ्यांच्या पातळीवर आले. मग त्यालाच विचारलंत, “कितें जालें तें तुमी सांगात.”

तुमी. ३१ वर्षांच्या माणसाला कोणीही तुम्हीच म्हणेल. बाबूला मात्र आजवर डॉक्टरही ‘तू’ म्हणतात, शाळकरी पोरंही ‘तू’ म्हणतात.

सवयीने मी सांगायला लागले. तुम्ही माझ्याकडे पाहून नुसता हात वर केलात, हळूच, जेवताना नको म्हणायला करतात तसा. बाबूने पिशवीकडे मान वळवली. त्याचा अक्षरांचा फळा मी काढून धरला. लॅपटॉप नसेल तेव्हा तो त्या पुठ्ठ्यावर मुठीने अक्षरं दाखवतो आणि मी जोडून वाचते. फार हळू चालतं ते. मूठ भलत्या घरावर जाते, तो परत आणतो, दमतो, थांबतो, पुन्हा सुरू करतो. पाऊस पडत होता. तुमच्या पाठीवर पन्हाळीचं पाणी उडत होतं, तुम्ही सरकला नाहीत.

मध्येच प्रिंटर काखेत घेतलेला एक माणूस आला आणि “झालं का माझं?” म्हणून घाई करू लागला. तुम्ही बाबूवरची नजर न काढता म्हणालात, “मातशें रावात, ते उलयतात.”

जरा थांबा, ते बोलताहेत.

दादा, हे पत्र मी या चार शब्दांसाठी लिहिते आहे. माझ्या भावाबद्दल ‘तो बोलतो’ असं घराबाहेरच्या माणसाने म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्याला दाखवायचं असतं, त्याला काहीतरी हवं असतं, तो आवाज करतो, असं ऐकलं आहे. तो माणूसही मग गप्प उभा राहिला. प्रिंटर पायरीवर ठेवून तोसुद्धा फळ्याकडे पाहू लागला.

सहा-सात मिनिटांनी जुळलं ते असं: उजवी वायर. दारात अडकली. ओढली.

मला कळेना. मग आठवलं. जुलैत एका संध्याकाळी मी त्याला घाईने आत घेत होते, दिवे गेले होते. खुर्ची उंबऱ्याशी अडली म्हणून मी जोर लावला. कीबोर्डची वायर कडीत अडकली होती आणि मी ती पाहिली नव्हती. त्याने पाहिली होती. तीन आठवडे त्याला ठाऊक होतं की बिघाड कुठे आहे. पहिल्या दुकानात त्याने फळ्याकडे मान वळवली होती, तिथे तो कोणी काढू दिला नाही. आणि मीही घरी बसून त्याला एकदा शांतपणे विचारलं नव्हतं. बिघाड यंत्राचा, तो त्याला काय सांगता येणार, असं मीही धरून चालले होते. ही टोचणी अजून गेलेली नाही. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत, त्याबद्दलही आभार.

पुढचं काम तुमचं रोजचं. मला त्यातलं थोडंच कळलं, पण ते लिहिते, कारण कोणी दुसरं फसत असेल तर त्याच्या कामी येईल. तुम्ही लॅपटॉप चालू केलात आणि विंडोज यायच्या आधीच्या पडद्यावरच थांबवलात. तिथेही कीबोर्ड चालत नव्हता. तुम्ही म्हणालात, इथेच चालत नाही म्हणजे विंडोजचा दोष दिसत नाही, फॉरमॅट करून काही मिळणारच नव्हतं. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी. ती दुसऱ्या दुकानाने केली असती तर बाबूचे सहा वर्षांचे शब्द आज असते.

मग भिंग आणि विजेरी. उजव्या पोर्टात भिंग धरून तुम्ही आधी स्वतः पाहिलंत आणि लगेच ते भिंग बाबूच्या डोळ्यासमोर आणलंत. या पोर्टात चार बारीक पट्ट्या असतात, कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. वायर ओढली गेली तेव्हा आतली जीभ मोडून कडेची पट्टी बाहेरच्या पत्र्याला टेकली होती. तसं झालं की लॅपटॉप स्वतःला वाचवायला वीज तोडतो, आणि दोन्ही उजव्या पोर्टांना वीज एकाच वाटेने येत असल्याने दुसरंही गेलं. ते पोर्ट मदरबोर्डवर नव्हतेच, वेगळ्या छोट्या बोर्डवर होते. डावीकडचं आम्ही वापरत नव्हतो. तिथे हिरवट थर धरला होता. समुद्र आमच्या घरापासून हाकेवर, पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांनाही खारट वास येतो. ब्रश आणि स्पिरिटने तुम्ही ते साफ केलंत, उजवीकडे नवं पोर्ट झाळून बसवलंत. पहिल्या दुकानाचे हरवलेले दोन स्क्रू तुमच्या डबीतून शोधून लावलेत, तेही न सांगता. घरी आल्यावर मी उलटून पाहिलं तेव्हा कळलं.

कीबोर्डचा दिवा लागला तेव्हा तुम्ही मला नाही, त्याला विचारलंत, “चलता?” फॉरमॅटनंतर वाचणारा आवाज परत घालायला तुम्हाला आणखी वेळ गेला. मग बाबूने टाइप केलं आणि लॅपटॉपने वाचलं, “दादा, पैसे किती?” तुम्ही म्हणालात, ४५०. त्याला गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येतात, पाकीट त्याचं तो बाळगतो. नोट मुठीत धरून त्याने हात पुढे केला. त्याची मूठ सुटायला वेळ लागतो. लोक घाईने बोटं उलगडून नोट काढून घेतात, चांगल्या मनानेच. तुम्ही तळवा खाली धरून थांबलात. नोट आपोआप तुमच्या हातात पडली.

निघताना तुम्ही कीबोर्डची वायर खुर्चीच्या हाताला कापडाच्या पट्टीने बांधून दिलीत, पोर्टाकडे थोडी ढील ठेवून. आता ओढ बसली तर ती खुर्चीला बसेल.

माणुसकीच्या मोठ्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या आहेत. २०२३ च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हा मी बाबूला घेऊन गेले होते. तिथे यंत्रावर बोलणारी त्याच्यासारखी माणसं त्याने पहिल्यांदा पाहिली आणि परतीच्या वाटेवर डोळे मिटून हसत बसला होता. तिथे सगळे थांबून ऐकत होते, कारण त्यासाठीच जमले होते. पण माणसाला रोज जगायचं असतं ते बाजारात, बँकेत, फेरीधक्क्यावर. केरीच्या फेरीबोटीवरचे खलाशी खुर्ची आत घेताना बाबूला विचारतात, “धरूं?” आणि त्याची मान हलल्याशिवाय हात लावत नाहीत. त्यांना हे कोणी शिकवलं असेल असं वाटत नाही. तुम्हालाही कोणी शिकवलेलं नसावं. तुमच्या गल्ल्यामागे बोडगेश्वराचा फोटो आहे, त्याखाली सोल्डरची गन, आणि बाहेर पावसात तुम्ही. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता घरी रोज संध्याकाळी दोन तास बाबू शब्द परत भरतो आहे. माटोळीपासून, म्हणजे गणपतीच्या वर फळंपानं बांधतात त्या मांडवीपासून, सुरुवात केली आहे, कारण आमच्याकडे माटोळीला काय कुठे बांधायचं ते तोच सांगतो. चुलतभाऊ शिडीवर आणि हा खाली खुर्चीत. नारळांची पेंड म्हणजे घड, सुपारीचा शिपटो, चिबूड, आंबाडे, कवंडळ. काल रात्रीपर्यंत चाळीस शब्द झाले.

हे पत्र मी त्याला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्याने मला दुरुस्त केलं. फळ्यावरचं त्याचं वाक्य मी चुकीच्या क्रमाने लिहिलं होतं, ते आता त्याने सांगितलं तसं आहे. शेवटी त्याला तुम्हाला एक ओळ लिहायची होती. मी बाजूला बसले होते, अकरा मिनिटं लागली. ती अशी:

दादा, चतुर्थीला या. वहिनींना आणा. नेवऱ्या आहेत. मला बोलायचं आहे.

तुमची,
बाबूची बहीण
मांद्रे, पेडणे