आमच्या शाळेच्या मुलांना विमानात विखरून बसवल्याबाबत तक्रार

दिनांक : ८ जानेवारी २०२५
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

प्रति,
नोडल अधिकारी, ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई

विषय : १२ डिसेंबर २०२४ रोजीच्या मुंबई-सिंगापूर रात्रीच्या विमानात शालेय गटाची आसने विखुरल्याबाबत तक्रार आणि सीट-शुल्क परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वरील तारखेला रात्री ११.४० च्या आपल्या विमानाने आमची आठवी-नववीची २२ मुले (१२ मुली, १० मुलगे), मी, आमचे एक सहकारी सर आणि पालकांच्या वतीने आलेल्या एक ताई असे २५ जण सिंगापूरला गेलो. याबाबत मी आपल्याला तीन ईमेल पाठवले. तिन्हींना शब्दन् शब्द एकच उत्तर आले, म्हणून आता कागदावर लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. कागद कोणीतरी माणूस फोडतो, एवढीच आशा.

सहल नेणाऱ्या शिक्षकाला बाकी काही आले नाही तरी मोजता यावे लागते. एसटीत चढले की मोजा, चहाला उतरले की मोजा, पुन्हा चढले की मोजा. वीस वर्षे हेच करते आहे. गणपतीपुळे असो की रायगड, माझा आकडा कधी चुकलेला नाही. ११ तारखेच्या संध्याकाळी कुडाळ स्टेशनवर मुलांना गाडीत बसवताना एक बाप माझ्याजवळ आला. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढायच्या मासेमारीला जाणारा माणूस, एरवी चार शब्द बोलत नाही. म्हणाला, "बाईनू, माझ्या चेडवाक नजरेआड करू नकात हां." त्याच्या मुलीला नजरेआड करणार नाही, म्हणून मी हो म्हटले. संमतीपत्रावर त्याची सही, खाली माझी सही. आपल्या विमानात हे 'हो' मला पाच तास पाळता आले नाही, आणि त्याला कारण आपण आहात.

त्याच रात्री रेल्वेतही आमचे सहा बर्थ दुसऱ्या डब्यात आले होते. टीसी आले, यादी पाहिली, "शाळेची पोरं काय?" एवढेच विचारले आणि दहा मिनिटांत चार कुटुंबांना इकडेतिकडे करून सगळ्यांना एका डब्यात आणून बसवले. एक पैसा जादा नाही, सॉफ्टवेअर नाही, हातात पेन आणि चार्ट.

आता आपल्याकडे काय झाले ते सांगते. समूह-आरक्षण आम्ही मे महिन्यातच केले होते. सीट एकत्र हव्यात म्हणून माणशी ९०० रुपये वेगळे भरले, एकूण २२,५०० रुपये. ही रक्कम आपल्याला किरकोळ वाटेल. आमच्याकडे त्यासाठी मुलांनी जत्रेत कोकम सरबताचा स्टॉल लावला होता. ३१ ते ३५ या रांगा आम्हाला मिळाल्याचा कागद ऑगस्टमध्ये आला. तो मी वर्गात फळ्यावर काढून दाखवला आणि कोण कुठे बसणार ते मुलांनी भांडून-बिंडून ठरवलेसुद्धा. २२ पैकी २१ मुले आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. सुके खोबरे सामानात चालत नाही, पॉवरबँक पिशवीत नको, हातात ठेवायची, आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली १०० मिलिलिटरच्या वर असेल तर काढून घेतील, हे सगळे दोन पालकसभा घेऊन सांगितले होते. आमच्या बाजूने तयारी कमी नव्हती.

काउंटर उघडला तेव्हा रांगेत पहिले आम्हीच होतो. तिथे कळले की विमान बदलले आहे, नव्या विमानाची आसनरचना वेगळी आहे आणि 'सिस्टीमने ऑटो-असाइन' केले आहे. हातात २५ पास आले, रांग ११ पासून रांग ३६ पर्यंत. मी ११ मध्ये, सर १२ मध्ये, ताई १४ मध्ये. मुले बहुतेक २० च्या पुढे, कुठे एकटी, कुठे दोघे. म्हणजे मोठी माणसे पुढे, पोरे मागे आणि मध्ये सबंध विमान. विमान ऐनवेळी बदलावे लागते हे मला समजते, मशीन म्हटले की बिघडायचेच. पण तिन्ही मोठ्यांना पुढे आणि लहानांना मागे कोणत्या हिशेबाने टाकले, हे मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, गेटवर करून देतील. गेटवरच्या बाई म्हणाल्या, आत क्रू बघेल. आत क्रू म्हणाला, मॅडम, आता बसून घ्या, टेकऑफनंतर बघू. टेकऑफनंतर सीटबेल्टचा दिवा, दिवा गेला तर जेवणाची ट्रॉली. आपल्या त्या विमानात मधली वाट एकच, दीड हाताची. ट्रॉली उभी राहिली की पलीकडे जायचा रस्ता बंद. चाळीस मिनिटे मी अकराव्या रांगेत उभी राहून मागे दिसणाऱ्या डोक्यांवरून अंदाज करत होते. डोकी मोजता येईनात, कारण आमच्या मुलांची डोकी सीटच्या वर येतच नाहीत.

काही प्रवाशांना आम्ही स्वतः विनवले. पाच जणांनी जागा बदलून दिली, त्यांचे आभार. ज्यांनी दिली नाही त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनीही वाटेजवळच्या सीटचे पैसे मोजले होते आणि पैसे भरलेली जागा जाते तेव्हा कसे वाटते हे त्या रात्री माझ्याइतके कोणाला कळणार?

जेवणाचे थोडक्यात लिहिते. मार्गशीर्षातला गुरुवार होता, म्हणून नऊ मुलांचे शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवले होते. डब्यांवरच्या चिकट्यांवर जुने सीट नंबर होते. त्यामुळे आमचे डबे भलत्याच लोकांपुढे गेले आणि आमच्या पोरांपुढे चिकन. मुलांनी खाजे आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन भागवले. उपाशी कोणी राहिले नाही, ते आयांच्या पिशव्यांमुळे.

खरी तक्रार ३४ व्या रांगेची आहे. आमची एक मुलगी, वय तेरा, मधल्या सीटवर, दोन्ही बाजूंना अनोळखी पुरुष. त्यांना दोनदा-तीनदा मद्य देण्यात आले. नंतर दोघेही झोपले आणि एकाची मान तिच्या खांद्यावर आली. त्या गृहस्थांवर माझा कसलाही आरोप नाही. झोपेत मान कोणाचीही कलंडते. पण ती मुलगी हात मांडीखाली घेऊन, अंग चोरून, पहाटेपर्यंत तशीच बसून राहिली. संडासला जायचे होते, गेली नाही, कारण कोणाला उठवायचे कसे हे तिला कळेना. डोक्यावरचे बटण दाबले की कोणी येते हे तिला ठाऊक होते. मी वर्गात सांगितले होते. पण बटणाशी हात न्यायचा तर शेजारच्याला धक्का लागणार होता. दोनच्या सुमारास मी मागे पोचले तेव्हा अंधारात तिचे डोळे मिटलेले दिसले, मला वाटले झोपली. मी मोजले आणि पुढे गेले. ती जागी होती. हे तिने मला परत आल्यावर, नाताळच्या सुट्टीनंतर, प्रयोगशाळेत कपाट आवरताना सांगितले. तोवर मी माझा आकडा बरोबर होता म्हणून खूश होते.

आणखी एका मुलाला २८ व्या रांगेत उलट्या झाल्या. "बाई, माका गरगरता" हे त्याने शेजारच्या परदेशी बाईंना सांगितले, कारण दुसरे कोणी जवळ नव्हते. त्या बाईंनी बिचाऱ्यांनी पिशवी धरली.

आपल्या एका हवाई सुंदरीचा मात्र इथे उल्लेख करते. त्या मराठी बोलत होत्या. सगळी सेवा उरकल्यावर त्या माझ्याकडे आल्या, यादी मागून घेतली आणि मागच्या टोकापासून एकेक मूल बघत आल्या. "बावीस आहेत, बाई. बसा आता." उलट्या झालेल्या मुलाला त्यांनीच गरम पाणी दिले. त्यांच्या वरिष्ठांना हे कळवावे. त्यांना ठपका मात्र बसू नये, ही विनंती.

ईमेलच्या उत्तरात आपण मला एक नियम वाचून दाखवलात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितले की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरच्या (आरक्षण क्रमांकावरच्या) किमान एका पालकाजवळ किंवा सोबतच्या मोठ्या माणसाजवळ जागा द्यावी. आमची मुले तेरा ते पंधरा, म्हणून आपण 'नियमाचे उल्लंघन केलेले नाही'. बरोबर आहे, केलेले नाही. बारा वर्षे पुरी झाली की भाडेही मोठ्या माणसाचे लागते, ते आम्ही भरले. पण हा नियम ज्यांनी पैसे भरलेले नाहीत त्यांच्यासाठी आहे. आम्ही नियमाच्या भरवशावर नव्हतो, आम्ही जागा विकत घेतली होती. भाताचे पैसे घेऊन पेज वाढायची आणि वर म्हणायचे की उपाशी ठेवले नाही, असे हे उत्तर आहे.

गंमत बघा. बॅग फुटली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी, हे १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात लिहिलेले आहे. भारत २००९ पासून त्यात आहे. बॅगेला टॅग असतो, काउंटरवर त्यासाठी छापील फॉर्म मिळतो. आमच्या २५ बॅगा एकत्र गेल्या, एकत्र आल्या, एका पट्ट्यावर ओळीने उतरल्या. मुलांसाठी असा कोणता फॉर्म असेल तर कळवा, मी भरून देते.

सिंगापूरला उतरल्यावर पहिल्याच दिवशी मरिना बराज बघायचा होता. २००८ साली पूर्ण झालेला तो बंधारा समुद्राला खाडीच्या तोंडावर अडवून आत गोडे पाणी साठवतो. त्याला नऊ दरवाजे आहेत. ओहोटीला ते उघडून पावसाचे पाणी सोडतात, भरती असेल तर पंपाने उपसतात. आमच्या अर्ध्या मुलांच्या घरची शेती खारबंधाऱ्याच्या आत आहे. ओहोटीला उघडणारी आणि भरतीच्या दाबाने मिटणारी उघाडी त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे, आणि बंधारा फुटून मिठागर झालेला मळाही पाहिला आहे. सहल सिंगापूरला नेण्यामागे कारण हेच होते, मॉल नव्हे. आदली रात्र रेल्वेत, ही रात्र अशी, त्यात घड्याळ अडीच तास पुढे गेलेले. बंधाऱ्यावर पोचेपर्यंत बसमध्ये चौदा मुले गाढ झोपली होती. उठवून नेली, पण अर्धवट झोपेत. वहीत कोणाच्याही दरवाज्यांची आकृती पूर्ण नाही. याची भरपाई मी मागत नाही, कारण तिला आकडा लावता येत नाही.

परतीच्या विमानात सर्व २५ जागा एकत्र मिळाल्या आणि काहीही अडचण आली नाही. म्हणजे आपल्याला जमते.

आपण माणशी ५०० रुपयांचे व्हाउचर देऊ केले आहे, सहा महिन्यांत पुढील प्रवासावर वापरण्यासाठी. ही मुले सहा महिन्यांत सिंगापूरला पुन्हा कशाला जातील? फार तर कणकवलीला. व्हाउचर आम्हाला नको. 'सीट पुरवली असल्याने सीट-शुल्क परत करता येत नाही' हे म्हणणेही मान्य नाही. शुल्क सीटसाठी नव्हते, सीट तिकिटातच येते. शुल्क एकत्र बसण्यासाठी होते.

तेव्हा २२,५०० रुपये शाळेच्या सहल खात्यात रोख जमा करावेत, खात्याचा तपशील सोबत आहे. त्याशिवाय, विमान बदलल्यावर अल्पवयीन मुलांच्या गटाची आसने कोण ठरवते, माणूस की सिस्टीम, आणि आमच्या बाबतीत ती कोणी व कधी पाहिली, याचे सहीनिशी लेखी उत्तर हवे. यापुढे अशा गटात किमान दर सात-आठ मुलांमागे एक मोठे माणूस त्यांच्याच आसपास बसेल आणि एकट्या पडलेल्या मुलीला दोन अनोळखी पुरुषांच्या मध्ये बसवले जाणार नाही, असे आपल्या काउंटरवरच्या लोकांना लेखी सांगावे आणि त्या सूचनेची प्रत मला पाठवावी. पैसे उशिरा आले तरी चालतील, ही प्रत आधी हवी.

तीस दिवस वाट पाहीन. त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवेन आणि तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा करता येतो, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. आमच्या जिल्ह्याचे ठिकाण ओरोस आम्हाला एसटीने तासाभराचे आहे. आपल्या वकिलांना मात्र यावे लागेल.

आपली,
सहलप्रमुख व सहायक शिक्षिका

सोबत : तिकिटे, सीट-शुल्काची पावती, ऑगस्टमधील व प्रत्यक्ष आसनवाटपाच्या प्रती, तिन्ही ईमेल, खात्याचा तपशील.

ता. क. फोन करायचा झाल्यास दुपारच्या मधल्या सुट्टीत करावा. बाकी वेळ मी वर्गात असते, आणि घरी रेंज फक्त विहिरीजवळ येते.