परंड्याच्या भुईकोटासाठी श्रमदान आणि निधीचे आवाहन

इतिहासप्रेमी बंधू-भगिनींनो,
सप्रेम नमस्कार.

बार्शीहून साधारण तीस किलोमीटरवर, धाराशिव जिल्ह्यात असलेला परंड्याचा भुईकोट पाहायला अलीकडे सुट्टीच्या दिवशी बाहेरगावची बरीच मंडळी येऊ लागली आहेत. पाहुणे येतात याचा आम्हा परंडेकरांना आनंदच आहे. पण खंदक ओलांडून आत आल्यावर अर्ध्याअधिक वास्तू झाडोऱ्यामुळे त्यांना पाहताच येत नाहीत, आणि ज्या दिसतात त्यांची माहिती सांगणारा फलकही सापडत नाही, याची खंत वाटते.

बहमनी काळातील या किल्ल्याच्या बांधणीचे श्रेय परंपरेने वजीर महमूद गावानला दिले जाते. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून येथूनच निजामशाहीचा कारभार पुन्हा उभा केला. आज विजापुरात पाहायला मिळणारी मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये तिकडे नेली गेली, तीही याच किल्ल्यावरून. १६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान यांना वेढा उठवून परत जावे लागले, आणि पुढे १६६० मध्ये मोगलांना किल्ला मिळाला तो किल्लेदार फितवून. दुहेरी तटबंदी आणि खंदक यांचे बळ त्यावरूनच कळावे.

आता त्या तटाला धोका आहे तो पिंपळाच्या रोपांचा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी दगडांच्या सांध्यात पडते, पहिल्या पावसात रुजते आणि दोन-चार वर्षांत मूळ आत शिरून चुना मोकळा करते. मग सांध्यात पाणी मुरते आणि चिरा बाहेर सरकतो. उत्साहाच्या भरात असे झाड ओढून काढले, तर मुळाबरोबर चार चिरे निखळून येतात. म्हणून रोपे कोवळी असतानाच काढायची, आणि जाड बुंधे जाणकारांच्या देखरेखीखाली कापून मुळे जागच्या जागी मारायची, अशी पद्धत ठेवावी लागते. वाळलेला पालापाचोळा तटाशी पेटवून देणे तर कटाक्षाने टाळायचे, कारण आचेने दगड तडकतो.

पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि सूचनांनुसारच दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी श्रमदान करण्याचे योजले आहे. त्यासाठी माणसे हवीत, तशीच कोयते, विळे, घमेली, हातमोजे आणि दोरही हवेत. निधी प्रामुख्याने जाणकार गवंड्यांची मजुरी, चुना, वाळू आणि माहितीफलक यांवर खर्च होईल. सिमेंटच्या गोण्या देऊ करणाऱ्यांचे मन मोडायचे नाही, पण त्या आम्हाला नकोत: सिमेंट जुन्या चुन्याशी एकजीव होत नाही, ओल आत कोंडून ठेवते आणि दगडाचेच नुकसान करते. तोफांना तेलरंग फासण्याचीही सूचना येते. त्यांवरील फारसी लेख झाकले जाणार असतील, तर असली सजावट न केलेलीच बरी. किल्ल्यातील नृसिंहाचे मंदिर असो वा मंदिराचे घडीव खांब वापरलेली मशीद, दोन्हींची निगा सारख्याच काळजीने राखली जाईल, हेही येथे स्पष्ट करतो.

पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या परंडेकरांना विशेष विनंती अशी की, किल्ल्याची जुनी छायाचित्रे घरी असतील तर त्यांच्या प्रती आम्हाला द्याव्यात. ढासळलेला भाग मुळात कसा होता हे ठरवताना त्यांचा पैशापेक्षा अधिक उपयोग होतो. छायाचित्रामागे साल लिहिलेले असल्यास तेही कळवावे.

श्रमदानाला येताना पायात बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. आग्या मोहोळाचा धोका असल्याने अत्तर लावू नये, धूर करू नये. लहान मुलांना बुरुजांवर चढू दिले जाणार नाही. त्यांच्यासाठी तोफगोळ्यांची मोजदाद आणि नोंदीचे काम राखून ठेवले आहे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि महिन्याचा जमाखर्च किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर फलकावर लावला जाईल.

आपले नम्र,
भुईकोट संवर्धनासाठी एकत्र आलेले परंडा येथील नागरिक